दोन बोटांचे अंतर

एका पेठेच्या गावी, सोनारआळीच्या टोकाला, एक वृद्ध पटवेकरीण राहत असे. सारे गाव तिला आत्या म्हणे. सोनाराकडून माळ घडून येते ती अर्धीच असते. तिला मागे रेशमाचा दोर लागतो, आणि माळ गळ्याशी बसणार की छातीवर रुळणार, हे त्या दोराच्या लांबीवर ठरते. हे दोर गाठवण्याचे काम आत्याचे. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ती गाठी मारू लागली की बोलत नसे, आणि गाठी मारून झाल्यावरही फारसे बोलत नसे. गुरूचे मौन शिष्याला फार थोर वाटते, असे आपण नेहमी ऐकतो. आत्याची शिष्या भिवरा हिला ते मुळीच थोर वाटत नसे. तिला त्याचा ताप होई.

भिवरा तिशीतली बाई होती. हात राबून राकट झालेले, नजर मात्र सुईच्या नेढ्यातून पलीकडचे पाहणारी. नवरा गेल्यावर आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, येसूला, भावाच्या घरी ठेवून ती तीन दिवसांची वाट चालून इथे आली होती. हातात कसब घ्यायचे आणि लेकीला घेऊन आपल्या पायावर उभे राहायचे, एवढाच तिचा बेत होता. त्याला आता तीन वर्षे होत आली. मध्ये एकदाही जाणे झाले नाही. भावाचे निरोप येत. पूर्वी त्या निरोपांत 'येसू विचारते, आई कधी येणार' असे एक वाक्य असे. अलीकडच्या दोन निरोपांत ते नव्हते, आणि तेव्हापासून भिवराचा जीव थाऱ्यावर नव्हता.

परत जायचे तर आत्याची परवानगी हवी होती. रीत अशी होती की शिष्येचा हात तयार झाला असे वाटले म्हणजे आत्या खुंटीवरची तांबड्या रेशमाची लड काढून तिच्या ओटीत घाली. ती लड घेऊन गेलेल्या बाईला कोणत्याही गावचा सोनार डोळे झाकून काम देई. लड न घेता गेलेल्या बाईला साधा गोंडा बांधायलाही कोणी बोलावत नसे.

आणि भिवराचा हात तयार आहे, असे तर सारी सोनारआळी म्हणत होती. एका गळ्यात चार-पाच माळा शोभतील अशा कशा घालाव्यात, याचे नियम तिला मुखोद्गत होते. गळ्याला बिलगणारी माळ वर, डुलणारी खाली. चपट्या घडणीशेजारी गोल मण्यांची, म्हणजे त्या एकमेकींत अडकत नाहीत. आणि दर दोन माळांमध्ये दोन बोटांचे अंतर. पहिल्या दिवशी आत्याने हे तीन नियम सांगितले होते. चौथा तिने आजवर सांगितला नव्हता, आणि भिवराने विचारला नव्हता.

एके दिवशी सकाळी गुळाचे व्यापारी तवनाप्पा शेट यांची पत्नी आपल्या मुलीला, पद्मलला, घेऊन आली. पद्मलचे लग्न आठ दिवसांवर आले होते. शेटाणीने पेटी उघडून पाच माळा पांढऱ्या फडक्यावर मांडल्या. ठुशी, साज, बोरमाळ, पुतळीहार आणि मोहनमाळ.

"पाचही दिसल्या पायजेत, आत्याबाई," ती म्हणाली. "एक जरी लपली, तर ती जिच्याकडनं आलीया ती मला जन्मभर ऐकवंल."

आत्याने भिवराकडे पाहिले. "ही करंल. मी नुसती बसते."

नवरीचे काम आत्याने आजवर कोणाच्याही हाती सोपवले नव्हते. भिवराची नजर आपोआप खुंटीवर गेली. लड तिथेच होती.

तिने पद्मलला पाटावर उभे केले आणि कामाला हात घातला. ठुशी गळ्यालगत. तिच्याखाली चपट्या पानांचा साज, मग गोल मण्यांची बोरमाळ, मग चपट्या पुतळ्यांचा हार, आणि सर्वांत खाली मोहनमाळ. प्रत्येक वेळी दोन माळांमध्ये आपली दोन बोटे आडवी धरून तिने दोराची लांबी ठरवली, मागे गाठ मारली, आणि मगच पुढच्या माळेला हात लावला. काम संपल्यावर ती चार पावले मागे सरली. पाचही माळा स्वच्छ दिसत होत्या. एकही दुसरीवर चढलेली नव्हती.

"झ्याक झालंय की," शेटाणी म्हणाली.

आत्याने भिंतीला टेकूनच पाहिले. "उलगड," ती म्हणाली.

भिवराला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "काय म्हनला?"

"उलगड म्हनलं. पुन्हा कर."

कुठे चुकले, हे भिवराला कळेना. अंतर कमी-जास्त झाले असेल, असे समजून तिने सगळ्या गाठी सोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेस प्रत्येक अंतर तिने दोनदा तपासले, एकदा उजव्या हाताने आणि एकदा डाव्या. पद्मल बिचारी हनुवटी वर करून, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी ताठ उभी होती. मोहनमाळ तिच्या पोटावर येऊन थांबली होती. भिवराला हे दोन्ही दिसले, पण त्यात पाहण्यासारखे काही आहे असे तिला वाटले नाही. तिचे लक्ष माळांवर होते.

"उलगड," आत्या म्हणाली.

आता भिवराच्या मनाचा पार गोंधळ उडाला. तिन्ही नियम पाळले होते. मग राहिले काय? बराच वेळ विचार करून तिने पुतळीहार बाजूला ठेवला आणि उरलेल्या चारच माळा घातल्या. गर्दी होत असावी, असा तिचा तर्क.

शेटाणीने तोंड उघडण्याआधीच आत्या म्हणाली, "पाचवी काय तू घालून मिरवनार हाईस?"

पद्मलला हसू फुटले, पण हनुवटी खाली येईल म्हणून तिने ते दाबले. भिवराला मात्र रडू कोसळायचेच बाकी होते. तीन वर्षांचे कष्ट, भावाचे निरोप, खुंटीवरची लड, सगळे एकदम तिच्यापुढे उभे राहिले.

"आत्या, काय चुकलं त्ये सांगा तरी."

"तुला दिसत न्हाई?"

"न्हाई दिसत."

"मग मी सांगून कसं दिसंल?" असे म्हणत आत्या गुडघ्यांवर हात देऊन उठली. तिने सुताची एक पट्टी घेतली, भिवराच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटे एकत्र केली आणि ती पट्टी त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळली. मग दुसरी पट्टी घेऊन डाव्या हाताचीही दोन बोटे तशीच बांधली. भिवराने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"बोटांना लागलंय व्हय?" शेटाणीने विचारले.

"न्हाई. दुसऱ्याला लागू नयेत म्हनून बांधलीत," आत्या म्हणाली, आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली. "हां. आता गाठव."

ही थट्टा आहे की शिक्षा, हे भिवराला समजेना. म्हातारीची बुद्धी फिरली, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याची तिला लाजही वाटली. पण करणार काय? तिने अंगठे आणि उरलेली बोटे वापरून ठुशी बांधली. जी गाठ एरवी क्षणात बसे, तिला कितीतरी वेळ लागला. मग साज घेतला, तो पुढे धरला, आणि ती अडली. अंतर मोजायचे कशाने? बांधलेली बोटे जाडजूड झाली होती. आणि मोकळी बोटे दोर धरण्यात गुंतली होती. ती सोडावीत तर साज खाली पडेल.

ती तशीच पद्मलच्या पाठीमागे उभी राहिली. शेवटी कुठलाच उपाय सुचेना, तेव्हा तिने नाइलाजाने हाक मारली, "बाय, जरा तुमचीच दोन बोटं हितं ठुशीखाली आडवी धरा. मी साज त्येला टेकवते."

पद्मलने आपली दोन बोटे गळ्याखाली धरली. बारीक, लांबट, शेंगेसारखी बोटे. भिवरा मागून डोकावली. अंतर फारच कमी वाटत होते. असे चालणार नाही, असे तिच्या ओठांवर आलेही होते. पण दोन्ही हात गुंतलेले, बोटे बांधलेली, आणि आत्या पाहत असलेली. तिने गाठ मारली. मग बोरमाळ, मग पुतळीहार, मग मोहनमाळ. दर वेळी पद्मल आपली बोटे धरी आणि भिवरा मनाविरुद्ध गाठ मारी.

सगळे झाल्यावर ती समोर आली, आणि पाहतच राहिली.

पाचही माळा दिसत होत्या. पण आता त्या पद्मलच्या अंगावर बसल्या होत्या. मघाशी पोटावर लोंबणारी मोहनमाळ छातीशी येऊन थांबली होती. तिच्या अरुंद खांद्यांमध्ये पाचही माळांना जणू आधीपासून जागा राखलेली होती. सकाळपासून वर धरलेली हनुवटी पद्मलने खाली आणली. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि मग कोणी न सांगताच पाटावरून उतरून ती आत्याच्या पाया पडली. ती वाकली तशा माळा पुढे झुलल्या, आणि ती उठली तशा आपापल्या जागी परतल्या.

शेटाणीने पुढे येऊन लेकीच्या गळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "हिचा गळा माझ्या आईचा हाय. आज मला दिसला."

भिवरा आत्यासमोर बसली. "आत्या, मी दोन बोटंच धरत हुते की."

"व्हय. मी तुला दोन बोटं सांगितली. कुनाची, त्ये तू इचारलं न्हाईस." आत्याने भिवराचा हात हाती घेऊन पट्टी सोडायला सुरुवात केली. "ही तुझी बोटं चांगली हाईत. राबलेली हाईत. तुझ्या गळ्याला ती बरोबर बसतील. पर ही पोर तुझ्या मापाची न्हाई. देवानं ज्येला त्येला गळा दिला, तवा त्येच्या मापाची बोटंबी त्येच्याच हाताला लावून दिली. ती सोडून आपुन आपलीच बोटं घेऊन जगाला मापत फिरतो. आन् समोरचं मानूस मान ताठ करून हुबं ऱ्हातं. त्येला वाटतं, आपलीच मान चुकीची."

"मग ह्ये पयल्याच दिवशी सांगायचं हुतं," भिवरा म्हणाली. तिच्या आवाजात थोडा राग होताच.

"सांगितलं असतं, तर त्येबी पाठ केलं असतंस," आत्या म्हणाली. पट्ट्यांची घडी घालून ती उठली आणि भाकरी खायला आत निघून गेली. खुंटीवरच्या लडीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

मायलेकी पेटी घेऊन गेल्या. भिवरा एकटी उरली. काम जमले होते, हे खरे. मग लड का नाही? अजून काय राहिले? तिने मोकळी झालेली बोटे चोळली. पट्टीचे वळ उमटले होते. मन कुठे रमेना, तेव्हा मन रमवायला ती नेहमी जे करी तेच तिने केले. कोनाड्यातली आपली लाकडी डबी काढली.

त्या डबीत येसूसाठी केलेली पोत होती. काळे मणी, आणि मधोमध सोन्याचा एक मणी. घर सोडताना भिवराने येसूच्या गळ्याभोवती दोरा धरून माप घेतले होते, आणि त्या मापाने मागच्या संक्रांतीला ही पोत ओवून मागे पक्की गाठ मारून ठेवली होती. वर्षभर ती डबी उघडून पाही आणि त्या पोतीत तिला येसूचा गळा दिसे.

आज ती पोत तळहातावर घेऊन ती पाहू लागली, तेव्हा तिला गळा दिसेना. फक्त एक लहानसे वर्तुळ दिसले. येसू आता आठ वर्षांची होती. तिचा गळा केवढा झाला असेल? उंची? आई कधी येणार, हे तिने विचारणे सोडले, ते आईला विसरली म्हणून, की विचारून विचारून दमली म्हणून? भिवराला यातले काहीच ठाऊक नव्हते. तीन वर्षे आपण एका पाच वर्षांच्या मुलीकडे परत जायला निघालो होतो, आणि तशी मुलगी आता कुठेच नाही, हे तिला त्या क्षणी कळले. ती रडली. बऱ्याच दिवसांनी नीट रडली.

मग डोळे पुसून तिने पोतीची गाठ सोडायला घेतली. स्वतःच्याच तयार हाताने मारलेली गाठ, ती सहजी कशी सुटावी? कात्री शेजारीच होती, पण तिने कात्री घेतली नाही. सुईच्या टोकाने ती एकेक पेड उकलत राहिली.

आत्या पदराला हात पुशीत बाहेर आली. "काय करतीस?"

"गाठ सोडते."

"पक्की मारली हुतीस की."

"व्हय. पर पाच वर्सांच्या पोरीच्या मापानं मारली हुती." भिवराने मान वर केली नाही. "आता ती केवढी झालीया, मला ठाव न्हाई. तिच्या म्होरं बसीन. तिची बोटं धरीन. मग मारीन."

गाठ सुटली. मणी ओघळू नयेत म्हणून भिवराने दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बारीक गाठी मारल्या आणि पोत तशीच लांबलचक डबीत ठेवली.

ती डबी मिटते आहे तोच तिच्या ओटीत काहीतरी मऊ पडले. तांबड्या रेशमाची लड होती.

"सकाळी लवकर नीघ," आत्या म्हणाली. "ऊन व्हायच्या आत घाट चढशील."

लग्नसराईत आजही कोणी कोणी विचारते की पाच माळा एका गळ्यात शोभून दिसाव्यात यासाठी काय करावे. अंतर दोन बोटांचेच ठेवावे. फक्त त्याआधी समोरच्याचा हात हातात घ्यावा.