साकवाचा सपाट खर्च

गावकामाचा खर्च बाराही महिन्यांत सारखा वाटायचा आणि का ते विचारायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे उन्हाळ्याच्या पैशांत ओढ्यावरच्या साकवाचा पाया कधी पुरा होत नसे, आणि अर्धा पाया पूर वाहून नेई. पलीकडे दिलेल्या बहिणीचं अंगण पंचायतीचा हिशेब ठेवणाऱ्या स्वरूपाला पावसाळाभर नुसतं दिसायचं.

यंदा तिने एक्सेलमध्ये बहुतेक खर्च उन्हाळ्यात टाकला, पावसाळ्यात शून्य.

"हा डोंगर कसला, पोरी? सपाट कर," सरपंच बापूकाका पडद्यावरचा आलेख पाहून म्हणाले.

"काका, तुमच्या नंदाच्या लग्नाची पंगत एकाच दिवशी का उठवलीत? वर्षभर रोज दोन पानं वाढायची. खर्च सपाट झाला असता."

"तक्ता बदल म्हटलं ना."

"नाही बदलणार. यंदाच्या पावसात मला ताईकडे जायचंय."

बापूकाकांनी पलीकडच्या अंगणाकडे पाहिलं. मग तक्ता होता तसाच ठेवून त्याखाली सही केली.