नबीची आगीनगाडी

"म्हणजे अजूनही काहीतरी कमी आहे, असंच ना मास्तर?"

नदावने तंबोरा जरा जोरातच भिंतीला टेकवला.

हनोखमास्तर पेटीचा भाता पुसत होते. पुसत राहिले.

"स्वर चुकला?"

"नाही."

"शब्द?"

"छे. एकही नाही."

"मग?"

"उद्या मिल्काबाईंकडे मलिदा आहे," मास्तर म्हणाले. "नातीचं लग्न आहे. चल माझ्याबरोबर."

हे काही उत्तर नव्हतं. पण मास्तरांची उत्तरं अशीच असायची.

नदाव तळकर मूळचा इथलाच, म्हणजे त्याचे आजीआजोबा इथले. रेवदंड्याजवळची मिल्काबाईंचीच वाडी सोडून ते इस्रायलला गेले. नदावचा जन्म तिकडचाच, अश्दोदचा. मराठी त्याला आजीच्या मांडीवर मिळाली. आपल्या बेने इस्रायल लोकांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, मराठी कीर्तनं तो गायचा. बर्लिनमध्ये गायला होता, टोरांटोत गायला होता. आता ॲमस्टरडॅमला जगभरच्या ज्यू कलावंतांचा मेळा भरणार होता. ब्युनोस आयरिसची एक बाई युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेत टँगो गाणार होती. इथिओपियातून आलेल्यांची एक मुलगी नुसत्या खांद्यांनी नाचणार होती. त्या सगळ्यांत मराठी घेऊन हा एकटा उभा राहणार होता.

म्हणून तो रेवदंड्याला मास्तरांकडे येऊन राहिला होता. जुन्या पोथ्या चाळून, जुन्या ध्वनिफिती ऐकून त्याने एकेक ओवी धुऊनपुसून लख्ख केली होती. कुणी वेडावाकडा शब्द म्हटला की त्याच्या कपाळावर आठी पडायची.

त्यालाही कारण होतं. लहानपणी एकदा शाळेच्या समारंभात त्याची आजी गायली होती. लोक हसले होते. ही कसली भाषा, हे कसले ज्यू... आजी पुन्हा कुठे गायली नाही.

आपल्या गाण्याला पुन्हा कुणी हसता कामा नये, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

मिल्काआजींच्या ओटीवर दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. मधोमध मलिद्याचं तबक होतं. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं रचलेली. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने हे तबक ठेवायचं, प्रार्थना म्हणायची, गायचं आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. नबी अशा घरी येऊन जातो म्हणतात.

वाडीत ज्यूंचं हे एकच घर उरलेलं. म्हणून शेजारच्या कोळणी आल्या होत्या, खालच्या आळीतली नसीमखाला आली होती. दरवर्षीच यायच्या.

नवरी शिफ्रा आजीला चिकटून बसली होती. लग्न झालं की ती इस्रायलला, बीरशेब्याला जाणार होती. आजी इथेच राहणार होती.

प्रार्थना झाली. मास्तरांनी पेटी उघडली. नदाव गाऊ लागला, आणि खरंच, काय आवाज! बायका हळूहळू त्याच्यामागून म्हणू लागल्या. मिल्काआजींचा आवाज सगळ्यांत मोठा, थोडा फाटका, पण खुशीतला.

नबी स्वर्गाला जातो ते कडवं आलं.

"अग्निरथी बैसुनी गेला नबी आकाशी..." नदावने उचललं.

"आगीनगाडीत बसुनी गेला नबी आकाशी..." आजींनी खणखणीत म्हटलं.

नदाव थांबला. वाईट हेतूने नव्हे. सवयच ती.

"आजी, अग्निरथी. नबीच्या काळात आगगाडी नव्हती."

ओटीवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मग तिकीट कुठलं काढलंन् नबीने?" पुन्हा हशा.

आजीही हसल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "केळीची पानं राहिलीत बाई आत..."

आणि उठून गेल्या.

नदावने कडवं पुन्हा घेतलं. या वेळी मध्ये कुणीच आलं नाही. सगळे ऐकत राहिले. तो एकटा शेवटपर्यंत गायला, आणि कधी नव्हे इतका सुरेख गायला.

संपलं तेव्हा मास्तरांनी भाता मिटला.

"मास्तर, अजून दोन पदं आहेत."

आजींची बसायची चटई रिकामी होती. तिच्यावरची सुरकुती मास्तर हाताने सरळ करत बसले...

नदावने चटईकडे पाहिलं. शिफ्राकडे पाहिलं. ती मेंदीचे हात मांडीवर धरून आतल्या दाराकडे बघत होती.

मघाचा तो हशा त्याच्या कानात आता वाजला. त्याने तो पूर्वी ऐकला होता.

मास्तरांनी तबकातला मूठभर मलिदा एका पानावर काढला आणि पान त्याच्या हातात दिलं.

"घरातल्या मोठ्या बाईला आधी."

स्वयंपाकघरात आजी पाटावर बसल्या होत्या. केळीची पानं बाजूला तशीच पडली होती.

"आजी, बाहेर चला ना."

"तुम्ही गा हो. छान गाता. आमचं आपलं ऐकीव."

"माझं चुकलं."

"तुमचं कसलं चुकलं? बरोबरच सांगितलंत." आजींनी पान घेतलं, पण खाल्लं नाही. "माझी आई असंच म्हणायची. तिचा भाऊ रेल्वेत लागला होता, कराचीकडे. त्याला पोचवायला ती बोरीबंदरला गेली होती. गाडी धूर सोडत गेली, तो जो गेला... मग फाळणी झाली. काही कळलंच नाही पुढे."

"आणि मग त्या आगीनगाडी म्हणायला लागल्या?"

"की आधीपासूनच म्हणायची, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही."

नदावने जमवलेल्या सगळ्या पोथ्यांत याला उत्तर नव्हतं. तो तिथेच जमिनीवर बसला, आजींसमोर. डोळे मिटले आणि हलक्या आवाजात त्याने तेच कडवं धरलं.

आजींनाही राहवेना. पाहुणा समोर बसून गातोय, साथ नको द्यायला? आणि पुन्हा चूक नको, म्हणून त्यांनी नीट आठवून तोंड उघडलं.

"आगीनगाडीत..." नदावने म्हटलं.

"अग्निरथी..." आजींनी म्हटलं.

दोघंही एकदम थांबले.

आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना आधी हसू आलं, नंतर तोंडाला. नदावही हसायला लागला. हसता हसता आजींनी पदराने डोळे पुसले.

"अरे मेल्या, मी तुझं शिकले तर तू माझं घेऊन बसलास!"

आवाज ऐकून शिफ्रा दारात आली. "काय झालं, आजी?"

"काही नाही. चल बाहेर. अर्धंच राहिलंय ते." पानावरचा घास त्यांनी तोंडात टाकला आणि नदावच्या दंडाला धरून त्या उठल्या.

मास्तरांनी त्यांना येताना पाहिलं आणि कुणी सांगायच्या आत पेटी उघडली.

यानंतर जे झालं त्याला धड गाणं म्हणावं का, ठाऊक नाही. आजी एकदा अग्निरथी म्हणत, एकदा आगीनगाडीत. कोळणींनी आगीनगाडीच धरून ठेवली आणि ताल टाळ्यांवर इतका वाढवला की पेटी मागे पडायला लागली. नसीमखाला कडव्याच्या शेवटी नुसताच सूर लांबवायची. शिफ्रा गाता गाता रडली, रडता रडता गायली, आणि आजीने तिचा हात सोडला नाही. नदावचा आवाज कुठे होता हे नदावलाही सांगता आलं नसतं.

तबक रिकामं झालं. निरोप घेऊन दोघं गुरुशिष्य रिक्षाच्या वाटेला लागले. नदावच्या खांद्यावर पेटी होती. मास्तरांच्या दाताखाली अजून खोबरं होतं.

वाटेत नदावला राहवेना.

"मास्तर, ॲमस्टरडॅमला कोणतं म्हणू? आज दोन्ही झालं. तुम्हाला कोणतं बरं वाटलं?"

मास्तर चालता चालता थांबले.

"मला कुठे ऐकू आलं? मी गात होतो."