आनसाबाईचं पान

“मी सांगितलं नसतं, तर हे यंत्रानं रचलंय असं तुम्ही ओळखलं असतं का, बुवा?”

भैरूबुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दोन दाणे तोंडात टाकून त्यांनी सावकाश चावले.

“न्हाई. नसतं वळखलं.”

विलासरावांनी माझ्याकडे पाहिलं. कुस्ती मारलेला पैलवान पंचाकडे पाहतो, तसं. मी मान फिरवली. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, आणि ते लपवण्याचा त्रास मी कधी घेतला नाही.

मी या मठाचा लेखनिक, भैरूबुवा इथले मुख्य बुवा. हिरण्यकेशीच्या काठी आमचा लहानसा मठ. इथं जो दीक्षा घेतो, त्याला मठाच्या बाडात एक पान मिळतं. त्या पानावर त्यानं जन्मात एक पद लिहायचं. दुसरं पान नाही, आणि फाडायची सोय नाही.

आणि एक रीत. लिहिलेलं जसं उतरवायचं, तसं खोडलेलंही उतरवायचं. बाड जुनं झालं, की लेखनिक नवं बाड करतो आणि त्यात प्रत्येक काट त्याच जागी पुन्हा मारतो. मठ स्थापणाऱ्या मूळ बुवांनी असं का ठरवलं, ते कुणालाच नीट ठाऊक नाही. सगळे मान हलवतात, झालं.

जुनं बाड पन्नास वर्षांचं झालं होतं. दमट हवेनं त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. नवं मी पुरं करत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. सकाळीच जुनं बाड नदीत सोडायचं होतं, आणि त्यानंतर नव्यात जे असेल तेच खरं.

विलासराव नेमके आदल्या दिवशी आले होते.

त्यांची आई आनसाबाई आमच्या मठाची. गेल्या वर्षी वारली. तिच्या पानावर एकच ओळ होती, आणि तीही खोडलेली.

देव आला दारी । भाकर ती एक ।

त्यावर आडवी काट. खाली शाईचा मोठा डाग. बाकी पान कोरं. पुढं चाळीस वर्षं ती मठात येत राहिली, झाडलोट केली, चुलीला पोतेरं घातलं, पण लेखणी पुन्हा हातात धरली नाही. गावातल्या बायका तिला मागून ‘खोडक्या पानाची’ म्हणत. कधीकधी पुढूनही.

विलासराव पुण्यात अशीच लिहिणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. फोनवर गोड बोलून त्यांनी माझ्याकडून बाडाच्या चारशे पानांचे फोटो मागवून घेतले होते. जतन करायचेत, म्हणाले. मी पाठवले. मूर्ख मी.

यंत्राला त्यांनी सगळी पदं वाचायला दिली, आईची पत्रं दिली, तिची ती एक ओळ दिली. यंत्रानं पद पुरं केलं. ते आता बुवांच्या पुढ्यात होतं.

देव आला दारी । भाकर ती एक ।
अर्धी दिली देख । अर्धी मला ॥
चुलीपाशी त्याने । पुसले ते हात ।
बैसे पंगतीत । लेकराच्या ॥

खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे डोळे भरले. मग आपण कशावर रडलो ते कळलं आणि भयंकर राग आला. गर्दीत कुणी खिशात हात घालावा, तसं वाटलं.

“माझं मागणं एवढंच आहे,” विलासराव म्हणाले. “नव्या बाडात आईच्या पानावर हे पद चढवा. चारशे पानांत तिचं एकटीचं असं नको राहायला. लाज वाटते मला, बुवा. तिलाही वाटत असणार.”

हे ते मनापासून म्हणाले. तेवढं मी मान्य करतो.

“चढवू की,” बुवा म्हणाले.

मी उठलोच. “बुवा, अहो...”

“बस, जोती.”

मी बसलो.

“पद बाडात चढवायच्या आधी आमी एक इचारतो,” बुवा म्हणाले. “समद्यांस्नी इचारतो. काय खोडलंस?”

विलासराव हसले. “काहीच नाही. चार सेकंदांत आलं. एकाही शब्दाला हात लावावा लागला नाही.”

आता सापडला, मी मनात म्हटलं.

पण विलासराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “आणि बुवा, खोडणं ही काय थोरवी आहे? बरोबर जमत नाही म्हणून माणूस खोडतो. ज्याला पहिल्या दमात जमलं, त्याला कमी का लेखायचं?”

“खरं हाय,” बुवा म्हणाले.

मला बुवांचाच संशय यायला लागला. वय झालं की माणूस कुणालाही ‘खरं हाय’ म्हणतो.

“तुजं यंत्र खोडतं का पर?”

“सांगितलं तर हजार वेळा बदलून देतं.”

“आन् न सांगता?”

“न सांगता ते काहीच करत नाही.”

“मग आमच्या जोतीपरास शाणं म्हणायचं.”

विलासराव मोकळे होऊन हसले. मी हसलो नाही.

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली. “जोती, जुनं बाड आण. नवंबी आण.”

दोन्ही बाडं आणून मी आनसाबाईचं पान काढलं. नव्यातलं पान मी आठ दिवसांपूर्वीच उतरवलं होतं. ओळ, तिच्यावर काट, खाली कोरं. जसंच्या तसं.

बुवांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. जुन्या पानावरच्या डागाशी ते थांबलं.

“ह्ये कुठं हाय तुज्यात?”

“तो शाईचा डाग आहे, बुवा. दौत सांडली असणार. सांडलेलं कशाला उतरवायचं?”

बुवा भिंतीला धरून उठले, जुनं बाड घेऊन दाराशी गेले. बाहेर टळटळीत ऊन होतं. त्यांनी ते एक पान वेगळं धरलं आणि मागच्या बाजूनं उन्हाकडे केलं.

“वाच.”

मी जवळ गेलो. तो डाग नव्हता. तिथं ओळ होती. तिच्यावर टाकानं इतकं गिरवलं होतं, इतकं, की अक्षरांचं डबकं झालं होतं. पण उन्हात खालची अक्षरं जास्त काळी दिसत होती.

मला वाचता येत होतं.

विलासरावांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

“अर्धी दिली देख... अर्धी मला.”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या माणसानं हे आधीच वाचलं होतं. पण कसं वाचणार? फोटो मीच काढला होता, आणि माझ्या फोटोत तो नुसता डाग होता. जो मी, मठाचा लेखनिक, गेली तीस वर्षं डागच समजत आलो होतो.

“शब्दन् शब्द,” विलासराव म्हणाले. ते हसायला लागले होते. “बुवा, शब्दन् शब्द तेच. आईनं जे लिहिलं, तेच त्यानं लिहिलं. आता तरी म्हणाल की नाही, की त्यालाही सुचतं?”

“‘एक’ला ‘देख’ जुळतं,” मी म्हणालो. “बाडात सतरा ठिकाणी जुळवलंय. त्यात काय सुचायचंय?”

“मग आईलाही सुचलं नव्हतं म्हणा.”

मी दारातून बाजूला झालो.

बुवा पुन्हा येऊन बसले. बाड मांडीवर घेतलं.

“सुचलं. तिलाबी सुचलं, त्यालाबी सुचलं. जोती, उगंच भांडू नगंस.”

मग विलासरावांकडे वळून म्हणाले, “ती हितंच बसली हुती. लिवून झाल्यावर लई येळ बघत ऱ्हायली. मग ह्ये असं केलं. मी म्हटलं, आनसा, अगं काय करतीस? तर म्हणाली, बुवा, ओळ गोड हाय, पर खोटी हाय.”

“खोटी म्हणजे?”

“मी इचारलं न्हाई.”

“का नाही विचारलं?”

“तू संगं हुतास. आठ वर्सांचा. त्या पायरीवर बसून तू ढेकर दिलास.” बुवांनी दाराबाहेरच्या पायरीकडे बोट केलं. “मिरगाच्या आधीचं दिस. तुजा बाप गेलेलं साल. घराघरात मडकी पालथी पडलेली, आन् ह्ये पोर ढेकर देतंय. म्हणून ध्यानात ऱ्हायलं.”

विलासरावांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण ते आता नुसतंच तिथं राहिलं होतं.

“भाकर किती हुत्या?” बुवांनी विचारलं.

“पदात? एक.”

“घरात.”

विलासराव पायरीकडे बघत राहिले.

“...एक.”

“तू काय खाल्लंस?”

“भाकर.”

“अर्धी?”

नदीवरचं कपडे आपटणं थांबलं होतं.

“अख्खी,” विलासराव म्हणाले.

“आन् आईनं?”

त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

“दारात कोन आलं हुतं?”

“कुणीतरी म्हातारा होता. झोळीवाला. मी खात होतो. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून माझ्या ताटाकडे बघत होता. आई मध्ये येऊन उभी राहिली, मला दिसू नये म्हणून. पण मला दिसला.” विलासराव थांबले. “तिनं हात जोडले त्याला. म्हणाली...”

“काय म्हणाली?”

“म्हणाली... पुढं जा, बाबा.”

बुवांनी जुनं बाड शांतपणे मिटलं.

मला त्या माणसाची दया आली. नको असताना आली.

विलासरावांनी पुढ्यातला यंत्राचा कागद उचलला. त्याच्याकडे बघितलं, घडी केली, पुन्हा उलगडली. “चांगलं आहे हो पण हे,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे.

“चांगलंच हाय,” बुवा म्हणाले. “चढीव की. मी न्हाई कुठं म्हटलंय? आईचं पान हाय तुज्या.”

त्यांनी नवं बाड विलासरावांपुढं सरकवलं. माझा टाक दौतीत बुडवला आणि त्यांच्या हातात दिला. लेखनिकाचा टाक दुसऱ्याच्या हाती द्यायची आमच्यात रीत नाही.

विलासरावांना टाकाची सवय नव्हती. पहिल्या अक्षराला शाई पसरली. आईच्या खोडलेल्या ओळीखाली, जिथं मी कोरं सोडलं होतं तिथं, त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं.

अर्धी दिली देख । अर्धी मला ॥

आता पुढची ओळ येईल, म्हणून मी वाट पाहिली. चुलीपाशी त्याने. जिच्यावर मी रडलो होतो ती.

ती आली नाही.

त्यांनी टाक उचलला, आणि आत्ताच लिहिलेल्या ओळीवर काट मारली. मग आणखी एक. मग गिरवतच राहिले. कागद फाटेल म्हणून मी हात पुढं केला, तो बुवांनी धरला.

अक्षरांचं डबकं झालं. जुन्या पानावर होतं, तसंच. लेखनिक म्हणून सांगतो, त्या पानाची एवढी बरोबर नक्कल मला कधीच जमली नसती.

खाली अजून पान कोरं होतं. विलासराव त्या कोऱ्या जागेवर टाक धरून बसले. टोकाशी शाईचा थेंब जमत होता. पन्नाशीचा, चांगला शिकलासवरलेला माणूस, आणि टाक लहान पोरासारखा मुठीत आवळलेला.

“बुवा,” त्यांनी मान वर न करता विचारलं, “आता इथं काय लिहू?”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, त्या रिकाम्या पायरीकडे पाहिलं... आणि दोन्ही हात जोडले.

“पुढं जा, बाबा.”