मोठ्या मापाची तीन पायली

एक वृद्ध मुख्याध्यापक डोंगरावरच्या एका गावात राहत. त्यांच्या शाळेची एक जुनी रीत होती. शंभर गुण देवाचे, नव्वद गुरूचे, विद्यार्थ्याने उरलेल्यात समाधान मानावे! त्यामुळे तिथे सत्तरच्या पुढे कुणी गेल्याचे ऐकिवात नव्हते.

त्यांची एक विद्यार्थिनी बारावी होऊन परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज करीत होती. सगळ्या वर्षांचे मिळून बासष्ट टक्के घेऊन ती वर्गात पहिली आली होती. पण विद्यापीठाला शाळेतल्या सगळ्या वर्षांची ग्रेड पॉइंट सरासरी हवी होती, तीही शंभराऐवजी चारपैकी. तिने बासष्टला सरळ पंचवीसने भागले. दोन पूर्णांक अठ्ठेचाळीस. तीनच्या आतले अर्ज कुणी उघडूनही पाहत नाही, असे तिच्या कानावर आले होते. तिने पुन्हा भागले, आणि पुन्हा. आकडा काही हलेना. अर्जात सरासरीच्या चौकटीखाली 'शाळेची गुणपद्धती' लिहायला जागा होती, ती मात्र तिने कोरीच सोडली. त्यात काय लिहायचे असते, हेच तिला ठाऊक नव्हते.

अन्न गोड लागेना. अखेर ती मुख्याध्यापक गुरुजींच्या ओसरीवर आली आणि खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, साडेतीन लिहू का? तुम्ही नुसती सही करा. सगळेच करतात म्हणे."

तिला वाटले, आता गुरुजींचा आवाज चढणार. पण ते आत गेले आणि नाचणीचे एक पोते घेऊन आले. "उद्या खाली बाजाराला चाललीस ना? हे तिथल्या धान्याच्या दुकानदाराला दे. तीन पायली आहे म्हणावे. त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलू नकोस."

अर्जाचे विचारावे, तर गुरुजी नाचणी देतात! ती बुचकळ्यात पडली, पण गेली.

दुकानदार नवा होता, परगावचा. त्याने आपल्या पायलीने मापायला घेतले. एक, दोन, तीन... पोते तरी जडच. चौथी पायलीही भरत आली तसा तो थांबला आणि त्याची नजर बदलली.

"काय गं, किती म्हणालीस?"

"तीन."

"आणि ही चौथी कुणाच्या कणगीतली? परवाच देवळाच्या कोठारातली नाचणी चोरीला गेलीय, माहीत आहे ना?"

माणसे जमली. कमी भरले असते तर चोर ठरले असते, जास्त भरले तरी चोरच! मागून कुणीतरी म्हणाले, "पोलीस पाटलांना बोलवा." चार म्हणून मोकळे व्हावे, चुकले म्हणावे, असे तिच्या अगदी ओठांवर आले. पण गुरुजींनी तीन सांगितले होते. "तीनच आहे हो," ती रडत म्हणाली.

दुकानदाराने रागाने पोते उपडे केले. तळातून घडघडत एक लाकडी माप बाहेर पडले, जुने, काळे पडलेले. त्याने ते आपल्या पायलीशेजारी ठेवले. ते चांगलेच मोठे होते. त्याने त्या मापाने सगळी नाचणी पुन्हा भरली. बरोबर तीन.

"वरच्या गावाची पायली होय!" तो ओशाळून म्हणाला. "अगं बाई, आधी माप सांगावे, मग आकडा!"

माप घेऊन ती परतली ती संतापानेच. "तुमच्यामुळे मला चोर म्हणाले, गुरुजी!"

वृद्ध गुरुजींचा चेहरा उतरला. "थोडी थट्टा होईल इतकेच वाटले होते. माझे चुकले, पोरी." मग जरा थांबून ते म्हणाले, "पण तिथे भीतीपोटी तू चार म्हणाली असतीस तर? दुकानदाराने गावात चौकशी केली असती, गावाने तीन सांगितले असते, आणि मग माप दाखवूनही कुणाचा विश्वास बसला नसता. तुझा दोन पूर्णांक अठ्ठेचाळीसचा आकडा खोटा नाही. तो मापावाचून एकटा चालला आहे, म्हणून भ्यालेला आहे. त्याच्या सोबत आपले माप पाठव. त्या कोऱ्या जागेत लिही, की या शाळेत सत्तरच्या पुढे कुणीच जात नाही आणि बासष्टवाली पहिली आली आहे. त्याखाली मी आनंदाने सही करतो."

"आणि त्यांनी खालचे वाचलेच नाही तर?"

"तर अर्ज बाजूला पडेल. ही भीती मलाही आहे. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही."

तिने अर्ज पुढे ओढला. दोन पूर्णांक अठ्ठेचाळीस हा आकडा तसाच ठेवला आणि खालची जागा भरू लागली. लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

"गुरुजी, नववीत तुम्ही मला अठ्ठावन्न दिले होते. तेव्हा मी आठवडाभर रडले होते. आपण ढ आहोत असे मला वाटले. तेव्हापासून तसेच वाटत आले आहे."

"त्या वर्षीचे ते सर्वांत जास्त होते."

"मग सांगितले का नाही?"

गुरुजींनी तिला उरलेले लिहू दिले, खाली सही केली, आणि मग तेच लाकडी माप उचलून तिच्या ओंजळीत ठेवले.

जगाला आपण आकडा देतोच. पण घरातल्या लेकराला आपले माप किती मोठे आहे, हे वेळेवर सांगावे.