कपाटाच्या आरशाचा कोपरा

गाड्या आणि आरसे एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. म्हशीच्या धक्क्यानं एका जीपच्या दारावरचा आरसा फुटला. नवा घेणं मालकाला परवडेना. मागचं दिसेना, म्हणून जीप अंगणातच अडकली.

घराच्या खिडकीतून कपाटाचा आरसा म्हणाला, "पोरी, माझा कोपरा घे."

"आजोबा, विद्रूप दिसाल की."

"चाळीस वर्षं हेच अंगण बघतोय. एका कोपऱ्याला तरी डोंगर दिसू दे."

त्यानं अंग आखडलं. कोपरा खळकन निखळला. मालकानं तो घासून जीपच्या रिकाम्या चौकटीत बसवला.

सकाळच्या धुक्यात जीप निघाली. मागे सरणाऱ्या खिडकीत कोपरा नसलेला आरसा चमकला. जन्मभर इतरांचे चेहरे दाखवणाऱ्या, आता जीपवर बसलेल्या कोपऱ्याला स्वतःचा चेहरा पहिल्यांदाच दिसला.

"कसे दिसता, आजोबा?" जीपनं विचारलं.

"बरा दिसतोय की," कोपरा हळूच म्हणाला.