मशीन कधी चुकत नाही

कारखानीस साहेब तालुक्याला नवे गटशिक्षणाधिकारी म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी शिक्षकांची सभा बोलावली. वर्गात तंत्रज्ञान वापरून काय साधणार, ते प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. ज्याचं उद्दिष्ट पसंत पडेल, त्याच्याच शाळेला टॅबलेट मिळणार. कुणी म्हणालं, सगळे धडे पडद्यावर दाखवू. एकानं तर फळाच काढून टाकायचं कबूल केलं. साहेब खुशीत मान डोलवत होते.

तोरसकर बाई उठल्या. "टॅबलेटचं उत्तर चुकलं, तर मुलांना ते ओळखता यावं. एवढंच माझं उद्दिष्ट."

"मशीन कधी चुकत नाही, बाई! चुकतो तो माणूस," साहेब गरजले. "बसा खाली. तुमच्या शाळेला टॅबलेट नाहीत."

पण बसण्याऐवजी बाईंनी साहेबांपुढचाच टॅबलेट उचलून विचारलं, "आपल्या तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी कोण?"

"श्रीयुत डोईफोडे," टॅबलेट खणखणीत बोलला.

"साफ चूक!" साहेब ताडकन उठले. "त्यांची बदली झाली. अधिकारी मी आहे!"

"मशीन तर चुकत नाही, साहेब," बाई नम्रपणे म्हणाल्या. "मग या खुर्चीत चुकून कोण बसलंय?"

सभेत खसखस पिकली. साहेबांनी एकदा टॅबलेटकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मशीनच चुकलं," ते पुटपुटले. "बाई, शाळेसाठी टॅबलेट घेऊन जा."