पोळपाट मागायला आलेली शेजारीण

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात गौजाबाई नावाची एक बाई राहत होती. उन्हाळा लागला की तिच्या गल्लीतल्या बायका सावडीनं पापड लाटत. म्हणजे आज एकीच्या ओसरीवर, उद्या दुसरीच्या. जी इतरांकडे हातभार लावी, तिच्याकडे सगळ्या येत. गौजाबाईचा हात तर असा चालायचा, की बघता बघता वाळत घातलेल्या पापडांनी खाट भरे.

पुढं तिला संधिवात जडला. बोटं वाकडी झाली, गुडघे सुजू लागले. वैद्य झाले, डॉक्टर झाले. दुखणं कधी कमी होई, पण जात नसे. पहिल्या वर्षी ती हट्टानं लाटायला गेली आणि आठ दिवस अंथरुणाला खिळली. तेव्हापासून बायकांनी तिला बोलावणं सोडलं. बोलावलं तर ही बया लाटल्याशिवाय राहायची नाही, असं त्यांना वाटे. इकडे गौजाबाईला वाटे, हात गेले, आता आपल्याला कोण विचारतंय? कुणी दाराशी आलंच, तर मी झोपलेय असं ती आतूनच सांगे. झोपलेलं माणूस बोलतं कसं, एवढं तरी कुणी विचारायचं. माया दोन्हीकडे होती, पण तोंड कुणीच उघडत नव्हतं. चार उन्हाळे असेच गेले. सांध्यांचं दुखणं तिनं सोसलं. एकटेपण मात्र सोसवेना. तिला अन्नसुद्धा गोड लागेना.

एके सकाळी शेजारची हौसा पापडांसाठी पोळपाट मागायला आली. गौजाबाईनं तो दाराच्या फटीतून पुढं केला. हौसा वळली. कडी लावता लावता गौजाबाईचा हात थांबला. कुणाकडे काही मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. लाज गिळून ती म्हणाली,

"हौसे, मलाबी घेऊन चल. लाटणं व्हायचं नाही माझ्याच्यानं. पण एकटीला आता बसवत नाही गं."

हौसाचे डोळे भरून आले. "काकू, आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास नको."

त्या दिवशी गौजाबाई तासभर बायकांत बसली. दमली तेव्हा तसं म्हणाली, आणि हौसानं तिला घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी गुडघे असे सुजले, की तिला उठवेना. हौसा बोलवायला आली, तेव्हा झोपेचं निमित्त ओठावर आलं होतं. पण गौजाबाईनं खरं तेच सांगितलं. हौसा आल्या पावली परत गेली. सांगून चुकलंच आपलं, असं गौजाबाईला वाटलं.

थोड्या वेळानं साऱ्या बायका पिठाची परात आणि लाटणी घेऊन तिच्याच ओसरीवर येऊन बसल्या. गौजाबाई ओशाळली.

"अगं, माझा हातभार नाही की काही नाही. मी नुसती पडून राहणार."

"मग पडून राहा," हौसा म्हणाली. "आम्ही बोलतो ते ऐका. पटलं नाही तर भांडा."

गौजाबाई पडल्या पडल्या हसली. मग पीठ सैल झालंय म्हणून भांडलीसुद्धा.

तात्पर्य: दुखण्यानं काम सुटलं तरी माणसं तोडू नयेत. सोबत हवी असेल तर आजाऱ्यानं न लाजता सांगावं. आणि तो सांगेपर्यंत इतरांनी थांबू नये.